हात थरथरला की पत्ते भारी

तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर. आम्हाला नव्हतं, कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही तोंड मिटून बसलात. मी रागाच्या भरात काहीतरी बरळतोय असं समजू नका. राग आहेच, तो लपवायला मी काही तुमच्यासारखा शिकलेला नाही. पण मी तेव्हा त्या खोलीत होतो.

कारखान्यात दरवर्षीची तपासणी चालली होती. आम्हाला दोघादोघांना आत घेतात, तसं मला आणि माझ्या भाऊजींना घेतलं होतं. माझं रक्त काढून झालं होतं आणि मी दंडाला कापूस दाबून बाकावर बसलो होतो. भाऊजी तुमच्यासमोर स्टुलावर होते. तुम्ही म्हणालात, "आ करा." मग अंगठ्याने त्यांचा खालचा ओठ ओढलात आणि हिरड्यांवर बॅटरीचा उजेड टाकलात. तिथे तुमचा अंगठा थांबला. मग चटका बसावा तसा तुम्ही ओठ सोडलात, खिडकीकडे तोंड फिरवलंत आणि अंगणात मागे येणारा ट्रक बघत विचारलंत,

"मग, मुलं काय म्हणतात?"

भाऊजी खूश झाले. एवढा मोठा डॉक्टर आपल्या घरची चौकशी करतो म्हणून. "एकच मुलगी आहे, साहेब. बडबडते फार."

"छान, छान. चला, पुढचा या."

मला ते खटकलं. कारण पत्ते उचलायचे, बघायचे आणि लगेच दुसरीकडेच बघायला लागायचं, असं आमच्या जेवणाच्या खोलीत कोणी केलं असतं, तर आम्ही सगळे पत्ते टाकून पळालो असतो. पण तुमच्या हातात पत्ते नव्हते, गळ्यात नळी होती. मी कापूस बादलीत टाकला आणि कामावर गेलो.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकच्या बॅटऱ्या बनवायच्या. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, जाळीसारख्या प्लेटा निघतात त्यांवर लेप चढवायचा, वाळवायच्या, डब्यात उभ्या करायच्या. भाऊजी भट्टीवर होते. मी प्लेटा रचायला. लेपाच्या यंत्रावर एक जण होता, त्याला आम्ही बडबड्या म्हणायचो आणि ते नाव त्याने स्वतः ऐकलं तरी तो थांबायचा नाही. आणि फोर्कलिफ्ट चालवायचे मास्तर. ते कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. त्यांनी आम्हाला पोकर शिकवला म्हणून मास्तर.

जेवणाची सुट्टी झाली की डबे बाजूला सारायचे आणि त्याच टेबलावर पत्ते वाटायचे. पैसे लावायचे नाहीत, हा मास्तरांचा नियम. आम्ही बुचं लावायचो. बॅटरीच्या तोंडाला लागतात ती, लाल आणि पिवळी, ज्यांचे आटे बिघडलेत म्हणून फेकलेली. जो सगळ्यात जास्त बुचं जिंकेल त्याला दुसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची. खोलीत पंखे पुष्कळ होते, फिरायचा एकच. आणि जो हरेल त्याने चहाचे मग धुवायचे.

ते मग भाऊजीच धुवायचे. ते ठरलेलंच होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे, असं मला कोणी विचारलं तर पटकन काही सुचणार नाही. उंची मध्यम, बोलणं कमी, शीळ चांगली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव असून माझ्या सायकलची साखळी बसवत होते आणि तसल्याच काळ्या हातांनी पाहुण्यांना सामोरे गेले होते. मला या कारखान्यात त्यांनीच लावलं. "कायमची नोकरी आहे," ताईला म्हणाले होते, "तुझ्या भावाची काळजी मिटली." ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फुशारकी.

पोकरमध्ये हा माणूस म्हणजे उघडी खिडकी. पाच पत्ते हातात यायचे, नको ते बदलून घ्यायचे, मग बुचं पुढे सरकवायची. समोरच्याला तुमच्या हातात काय आहे ते कळता कामा नये, एवढाच तर खेळ. भाऊजींना बरे पत्ते आले की त्यांचे कान लाल व्हायचे. फोटो काढताना बसतात तसे ते ताठ बसायचे. शीळ थांबायची. आम्ही सगळे पत्ते टाकायचो. त्यांना एखाददुसरं बूच मिळायचं आणि पुढच्या डावात तेही जायचं.

"भाऊजी, कान झाका हो," बडबड्या म्हणायचा. "टोपी घालून येत जा. नाहीतर भट्टीतच ठेवून येत जा कान."

"अरे, मला लपवता येत नाही," भाऊजी म्हणायचे आणि चहाचे मग गोळा करायला उठायचे. बुचं दातात धरून पत्ते लावायची त्यांना सवय होती. सगळ्यांनाच होती. राखाडी धूळ बसलेली बुचं. तुम्ही कधी त्या खोलीत आला नाहीत, नाहीतर बघितलं असतं. हात धुवायच्या नळापाशी साबणाची वडी ठेवायचा खण होता. खण होता, एवढंच.

मास्तरांचं शिक्षण सोपं होतं. ते म्हणायचे, "हलक्या पत्त्यांच्या माणसाला घाबरू नका, तो बडबडतो. भारी पत्त्यांचा माणूस ओळखायला शिका, कारण तोच तुम्हाला नागवणार आहे. पत्ते बघून लगेच दुसरीकडे बघायला लागला, पळा. उसासा टाकून 'जाऊ दे, खेळतो बाबा' असं म्हणत बुचं सरकवली, पळा. कंटाळा आल्यासारखं करायला लागला, तर उभ्याने पळा. दुबळ्याचं सोंग ताकदवानच घेतो. दुबळ्याला ते परवडत नाही."

"आणि हात थरथरला तर?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"तर डोळे मिटून पळायचं. लोकांना वाटतं, थरथरतो म्हणजे घाबरला. उलटं आहे ते. बाकी सगळी सोंगं आणता येतात, थरथर आणता येत नाही. इतका वेळ दाबून ठेवलेली भीती भारी पत्ते दिसले की अंगातून निघून जाते, जाता जाता हात हलवते. हात थरथरला की पत्ते भारी. लिहून ठेवा."

लिहून नाही ठेवलं. पाठच होतं.

उन्हाळा सुरू झाला तेव्हाची गोष्ट. भाऊजींनी दोन पत्ते बदलून मागितले. मास्तरांनी दिले. भाऊजींनी ते उचलले आणि पत्त्यांची टोकं एकमेकांवर वाजली. हलकीच, पण आम्ही ऐकली. मास्तरांनी हातातले पत्ते खाली टाकले.

"आज कान लाल नाहीत की," बडबड्या म्हणाला.

"कान सोड, हात बघ."

बडबड्याने बघितलं आणि टाकले. मीही टाकले. माझ्याकडे बरी जोडी होती, तरी टाकले. भाऊजी बुचांकडे बघत राहिले, मग आमच्याकडे. बुचं ओढून घेतली.

त्यानंतर ते जिंकायलाच लागले. रोज नाही, पण इतक्या वेळा की पंख्याखालची खुर्ची त्यांचीच झाली. गावचा पुढारी बसावा तसे पाय लांब करून बसायचे. "भट्टीवाल्याचं नशीब तापलंय," बडबड्या म्हणायचा. कान त्यांचे लाल व्हायचे थांबले होते. कानच नाहीत, ओठ, नखं, सगळंच फिकट झालं होतं. आम्हाला वाटलं, शिकले. इतक्या वर्षांनी चेहरा लपवायला शिकले. हात तेवढे राहिले.

आम्ही हात वाचत होतो, डॉक्टर. चुकीचे वाचत होतो, पण वाचत तरी होतो.

घरी गेलो तर ताई वेगळंच सांगायची. "तिकडे जिंकतात म्हणे रोज. इकडे कप फोडतात. परवा पोरीवर ओरडले. कधी आवाज चढवला नाही त्यांनी तिच्यावर, आणि रिबीन कुठे टाकली म्हणून ओरडले. मग स्वतःच रडायला लागले. पोटात दुखतं म्हणतात सारखं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"कंपनीच्या डॉक्टरला दाखवलं. पित्त आहे म्हणाले. चहा कमी करा."

भाऊजींनी चहा सोडला. कमी नाही, सोडला. तुम्ही सांगितलं होतं ना.

मग बाहेरून तपासायला माणसं यायची होती. त्याच्या आधी भाऊजींना भट्टीवरून काढून खोकी बांधायला बसवलं. त्यांच्याबरोबर आणखी काही जणांना. "डॉक्टरसाहेबांनी आराम द्यायला सांगितलाय," मुकादम म्हणाला. भाऊजी घरी सांगत सुटले, बघा, माणूस किती चांगला आहे. तपासणारे आले, भट्टीवरच्यांचं रक्त घेऊन गेले, आणि पुढच्याच आठवड्यात भाऊजी परत भट्टीवर. मला ते तेव्हा उमगलं नाही. आता उमगतं. एवढ्या गर्दीतून तुम्ही बरोबर तेवढेच पत्ते काढून बदललेत. पत्ते न बघता इतके नेमके पत्ते कोणी बदलत नाही.

आणि मग तो दिवस. उकडत होतं. माझ्याकडे तीन राण्या होत्या. भाऊजींचे हात थरथरत होते, आता तर इतके की बूच दातापर्यंत नीट नेता येईना. बडबड्या पळाला, मास्तर पळाले. मी नाही पळालो. काही शहाणपण नव्हतं त्यात. मला पंखा हवा होता. रोज काय यांनीच बसायचं?

"दाखवा," मी म्हणालो आणि बुचं पुढे ढकलली.

"टाक की रे पत्ते," भाऊजी हळूच म्हणाले.

"नाही टाकत. दाखवा."

त्यांनी एकेक पत्ता ठेवला. दुरी. चौकी. सत्ती. नव्वी. आणि एक गुलाम, तोही वेगळ्याच रंगाचा. काहीच नव्हतं. साधी जोडीसुद्धा नाही.

खोली नुसती फुटली. बडबड्या टेबलावर चढायचा बाकी राहिला. "लबाड! अरे, हा माणूस! इतके दिवस आपल्याला हात थरथरवून दाखवतोय! मास्तर, तुमचा बाप निघाला हा!" शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला आली. भाऊजीही हसत होते, पण त्यांचं हसू आमच्या मागून येत होतं, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखं.

मास्तर हसले नाहीत. "गप्प बसा रे," ते म्हणाले. मग भाऊजींना, "हात पुढे करा."

"अं?"

"दोन्ही हात समोर धरा. सरळ. आता पंजे वर उचला. कोणाला थांब म्हणतो तसे."

भाऊजींनी डावा पंजा उचलला. थरथरत का होईना, तो वर राहिला. उजवा आला नाही. मनगटापाशी मोडल्यासारखा तो खाली लोंबत राहिला, पाणी न मिळालेल्या रोपाचा शेंडा लोंबतो तसा. त्यांनी डाव्या हाताने तो उचलून धरला आणि सोडल्यावर तो परत पडला.

"मुंग्या आल्या असतील," भाऊजी म्हणाले. दातातलं बूच टेबलावर पडलं आणि गोल फिरत बसलं.

मास्तर पूर्वी दुसऱ्या एका भट्टीवर होते. शिसं अंगात भिनलं की हिरड्यांवर निळसर रेघ उठते आणि हात असा पडतो, हे त्यांनी तिथे बघितलं होतं. त्यांनी ते बूच उचललं, त्यावरची राखाडी धूळ अंगठ्याने पुसली आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

"पत्ते हलके असायचे तेव्हाही थरथरायचे?"

"हो मग. पत्त्यांचा काय संबंध?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? आम्ही पळत होतो ते दिसत नव्हतं?"

भाऊजी ओशाळले. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पळताय. माझी तब्येत बरी नाही म्हणून मला पंख्याखाली बसवताय. बरं वाटत होतं. म्हणून बोललो नाही."

बडबड्या उठला, सगळ्यांचे चहाचे मग गोळा केले आणि धुवायला घेऊन गेला. नळ बराच वेळ चालू होता.

आमची चूक? असेल. ती आम्ही आमची बघून घेऊ, त्यात तुम्ही पडू नका. आमच्याकडे एक टेबल होतं आणि मास्तरांचा एक नियम. तुमच्याकडे बाटलीत भाऊजींचं रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी ताई तुमच्याकडे आली, मी सोबत होतो. तुम्ही तिला बसायला खुर्ची दिलीत. ते मान्य करतो.

"ह्यांच्या रक्तात शिसं आहे का?" तिने विचारलं.

"हे बघा ताई, अशा त्रासाची अनेक कारणं असू शकतात. वय असतं, झोपेत हात अंगाखाली येतो, काही लोकांना ताण..."

"मी एकच विचारलं. आहे का?"

"ते सगळं कंपनीकडे जातं." तुम्ही उसासा टाकलात. पेनाला टोपण लावलंत. खुर्चीत मागे रेललात, दुपारचं जेवण जड झाल्यासारखे. "माझ्या हातात काही नाही हो."

मास्तर तिथे असायला हवे होते, असं मी मनात म्हणत होतो. उसासा, कंटाळा आणि दुबळ्याचं सोंग. एकही सुटलं नव्हतं.

"कोणाच्या हातात आहे ते नाही विचारलं मी," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही बघितलं का, ते सांगा. तुम्हाला कळलं होतं का?"

तुम्ही खिडकीकडे बघितलंत. "मुलगी कितवीला आहे तुमची?"

ताईला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही. ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल रे. ह्यांना सगळं माहितीय."

भाऊजी आता घरी असतात. शर्टाची बटणं मुलगी लावून देते आणि लावताना शाळेतलं सगळं सांगते, त्यामुळे शर्ट घालायला फार वेळ लागतो. भाऊजी म्हणतात, लागू दे. उजव्या हाताला पट्टी बांधून तो सरळ ठेवलेला असतो. डावाही आता भरवशाचा राहिलेला नाही. पत्ते धरता येत नाहीत. म्हणून मास्तरांनी एक लाकडी पट्टी तासून आणली. तिला लांब खाच पाडली, पत्ते तिच्यात उभे राहतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे खेळायला जातो. बुचं नाहीत, ताईच्या डब्यातली बटणं लावतो. मुलगी वडिलांच्या मागे उभी राहून त्यांना हवा तो पत्ता बदलून देते आणि चेहरा असा मख्ख ठेवते की मास्तर म्हणतात, ही आम्हाला सगळ्यांना विकून खाईल.

परवाच्या डावात भाऊजींचे कान लाल झाले. शिशापासून लांब राहून अंगात थोडं रक्त आलंय त्यांच्या. ते ताठ बसले. शीळ थांबली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कोणीच पळालं नाही. बटणं लावत गेलो.

"अरे, पळा की," भाऊजी शेवटी न राहवून म्हणाले. "माझे कान लाल झालेत. मला जाणवतंय."

"आम्हाला नाही दिसले," बडबड्या म्हणाला.

"तुला दिसत नाही असं काही आहे का जगात?"

"लावा हो तुम्ही, भाऊजी. आमची बटणं आहेत, आम्ही बघू."

त्यांनी कोपराने पट्टी आडवी पाडली. तीन राजे आणि एक जोडी. आम्ही सगळे हरलो. पट्टी परत उभी करायला मुलगी पुढे झाली, तिला त्यांनी थांबवलं आणि स्वतः केली, दोन्ही मनगटांमध्ये धरून, हळूहळू.

हे सगळं मी आज रांगेत उभा राहून आठवत होतो. कारण आज परत दरवर्षीची तपासणी आहे. बडबड्या माझ्यासोबत आत आला. त्याचं रक्त काढून झालं, तो दंडाला कापूस दाबून बाकावर बसला, मी बसलो होतो तिथेच. आणि मी तुमच्यासमोर स्टुलावर बसलो.

तुम्ही म्हणालात, "आ करा." अंगठ्याने माझा खालचा ओठ ओढलात आणि बॅटरीचा उजेड टाकलात.

अंगठा थांबला.

मग तुम्ही ओठ सोडलात, खिडकीकडे बघितलंत आणि विचारलंत, "मग, मुलं काय म्हणतात?"

"मुलं नाहीत, साहेब. लग्न झालेलं नाही माझं."

"छान, छान. चला, पुढचा या."

मी उठलो नाही. पुढचा दारात येऊन उभा आहे. बाकावर बडबड्या आहे आणि तो गप्प आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. माझे दोन्ही हात मी तुमच्या टेबलावर ठेवलेत, तुम्हाला दिसतील असे. पंजे वर उचलून धरलेत, कोणाला थांब म्हणतो तसे. अजून राहतायत वर.

खिडकीत काही नाहीये, डॉक्टर. ट्रक केव्हाच गेला. इकडे बघा. काय दिसलं तुम्हाला?